पेटंटची नोटीस म्हणजे खिंडीत गाठायचं हत्यार

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात पस्तीसेक जणांची सॉफ्टवेअर कंपनी, कस्टमर जवळपास सगळे अमेरिकेतले, आणि तिथल्याच एका मोठ्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या वकिलांचं पत्र आलंय. त्यात तीन पेटंटचे नंबर आणि 'या विषयावर तुमच्याशी बोलायला आवडेल' अशी गोड भाषा. विचारणाऱ्याचं म्हणणं, भारतात तर सॉफ्टवेअरला पेटंट मिळतच नाही, मग पत्र केराच्या टोपलीत टाकलं तर काय बिघडतं, आणि एवढ्या मोठ्या कंपनीला आमच्यासारख्या चिल्लर कंपनीच्या मागे लागून मिळणार काय?

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं किती ऐकायचं ते ठरवता येईल. मी वकील नाही. सात वर्षं कोड लिहिला, मग सतरा वर्षं पेटंट सर्चमध्ये आहे, पेटंट एजंटची परीक्षा पास आहे, पण रोजचं काम म्हणजे अमेरिकेतल्या लॉ फर्मसाठी प्रायर आर्ट, म्हणजे तीच गोष्ट पेटंटच्या आधीपासून होती याचा पुरावा, शोधून देणं आणि क्लेम चार्ट (तो काय ते पुढे सांगतो) बनवणं. पुण्या-मुंबईत हे काम करणारे बरेच आहेत, दिवसभर दुसऱ्यांची भांडणं वाचायचा पगार घेतो आम्ही.

तर टोपलीत टाकू नका. कारणं सांगतो.

'भारतात मिळत नाही' हे अर्धवट खरंय. आपल्या पेटंट कायद्यात कलम ३(के) आहे, त्यात गणिती पद्धत, बिझनेस मेथड, अल्गोरिदम आणि 'कॉम्प्युटर प्रोग्राम पर से', म्हणजे निव्वळ प्रोग्राम, यांना पेटंट नाही असं म्हटलंय, आणि सगळी मारामारी त्या 'पर से' वर चालते. डिसेंबर २००४ मध्ये वटहुकूम काढून ते दार जरा किलकिलं करायचा प्रयत्न झाला होता, २००५ च्या कायद्यात संसदेने ते काढून टाकलं. मग २०१५ मध्ये पेटंट ऑफिसच्या गाइडलाइन्स आल्या, आरडाओरडा झाला, थांबवल्या, २०१६ मध्ये कडक आल्या, २०१७ मध्ये परत सैल. डिसेंबर २०१९ ला दिल्ली हायकोर्टाने फरीद अल्लानी केसमध्ये सांगितलं की टेक्निकल इफेक्ट, म्हणजे प्रोग्रामचा खरा तांत्रिक परिणाम, दिसत असेल तर नुसता प्रोग्राम आहे म्हणून अर्ज फेटाळता येणार नाही. म्हणजे मिळतात, शब्द नीट बसवले तर मिळतात.

पण तुमच्या बाबतीत हे सगळं गौण आहे, कारण पेटंट त्या त्या देशापुरतं असतं आणि तुमच्याकडे आलेले नंबर अमेरिकेचे आहेत. कोड कोथरूडला लिहिला की कॅलिफोर्नियात याने फारसा फरक पडत नाही, विकता कुठे आणि वापरतं कोण हे बघतात. ब्लॅकबेरीची केस यावरच झाली. एनटीपी नावाची कंपनी, स्वतःचं एकही प्रॉडक्ट नाही, फक्त पेटंट, तिने ब्लॅकबेरीवाल्या रिमवर दावा लावला. रिमचं म्हणणं, आमचा रिले, म्हणजे मेल पुढे पाठवणारी यंत्रणा, कॅनडात आहे, अमेरिकेच्या पेटंटचा संबंध काय. २००५ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की सिस्टिम क्लेम असेल (क्लेम म्हणजे पेटंटमध्ये नेमका कशावर हक्क सांगितलाय ते वाक्य, सिस्टिम क्लेम यंत्रणेवर असतो, मेथड क्लेम पद्धतीच्या पायऱ्यांवर) तर सिस्टिमचा कंट्रोल आणि फायदा अमेरिकेतला माणूस घेतोय ना, मग वापर अमेरिकेतच झाला. मेथड क्लेमला मात्र हे लावलं नाही, तिथे एक पायरी जरी देशाबाहेर घडत असेल तर वापर अमेरिकेत झाला असं धरत नाहीत. मार्च २००६ मध्ये रिमने ६१.२५ कोटी डॉलर देऊन विषय मिटवला. म्हणून पहिलं काम, तिन्ही पेटंटचे क्लेम उघडून कुठला सिस्टिम आणि कुठला मेथड ते वेगळं लिहून काढा. तुमचा सर्व्हर मुंबईत असेल तर या एका गोष्टीवर बरंच काही अवलंबून आहे.

आता मुख्य मुद्दा. पत्र आलं की सगळे पेटंट उघडून वाचायला बसतात, मी आधी कॅलेंडर उघडतो. एवढ्या वर्षांत मला जर काही कळलं असेल तर ते हे की प्रतिस्पर्ध्याने काढलेलं सॉफ्टवेअर पेटंट शोध वाचवायला क्वचित बाहेर येतं, ते समोरच्याला खिंडीत गाठायला बाहेर येतं. पेटंट पाच-सहा वर्षं कपाटात पडून असतं, तुमचं प्रॉडक्टही तेवढीच वर्षं बाजारात असतं, आणि पत्र नेमकं आत्ता येतं. का आत्ता?

गूगलचं बघा. सर्चच्या बाजूला बोली लावून जाहिरात दाखवायची, याचं पेटंट ओव्हरचर नावाच्या कंपनीकडे होतं, एप्रिल २००२ मध्ये तिने गूगलवर केस टाकली, पुढच्या वर्षी याहूने ओव्हरचर विकत घेतली. दोन वर्षं केस रेंगाळली. मग ऑगस्ट २००४ उजाडला, गूगलचा आयपीओ तोंडावर, आणि बरोबर दहा दिवस आधी, ९ ऑगस्टला, गूगलने याहूला २७ लाख शेअर देऊन तो वाद आणि सोबतचा एक जुना शेअर वॉरंटचा (ठरलेल्या भावाने शेअर घ्यायच्या हक्काचा) वाद मिटवला. आयपीओच्या ८५ डॉलर भावाने २३ कोटी डॉलर होतात ते. त्या दहा दिवसांत पेटंटची ताकद वाढली नव्हती हो, गूगलची थांबायची तयारी संपली होती. लग्नाच्या मांडवात जुनी उधारी मागायला आलेल्या माणसाला कोणी 'नंतर बघू' म्हणत नाही.

याहूला हा खेळ आवडला असावा. २०१२ मध्ये फेसबुकने १ फेब्रुवारीला आयपीओचे कागद भरले आणि १२ मार्चला याहूने दहा पेटंटचा दावा ठोकला. पण या वेळी समोरचा तयार निघाला. फेसबुकने आयबीएमकडून ७५० पेटंट विकत घेतली, ३ एप्रिलला याहूवरच दहा पेटंटचा उलटा दावा टाकला, आणि त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने एओएलकडून घेतलेल्या गठ्ठ्यातला मोठा हिस्सा ५५ कोटी डॉलरला उचलला. मे महिन्यात आयपीओ झाला, त्याच महिन्यात याहूचे ते सीईओ रेझ्युमेमधल्या डिग्रीच्या घोळावरून घरी गेले, जुलैमध्ये दोघांनी क्रॉस लायसन्स करून, म्हणजे एकमेकांची पेटंट वापरायची परवानगी देऊन, हात मिळवले. तेरी भी चुप, मेरी भी चुप. लक्षात घ्या, फेसबुकने ती पेटंट शोध म्हणून घेतलीच नव्हती, दगड म्हणून घेतली होती, समोरून दगड आला की टाकायला.

ट्विटरचं तर अजून साधं. नोव्हेंबर २०१३ मध्ये आयपीओ, त्याच्या जरा आधी आयबीएमचं पत्र, किमान तीन पेटंटचा उल्लेख, ट्विटरची स्वतःची पेटंट बोटांवर मोजण्याइतकी. डिसेंबरमध्ये ट्विटरने आयबीएमकडूनच ९०० पेटंट ३.६ कोटी डॉलरला विकत घेतली. ना केस, ना आरडाओरडा. आयबीएम या धंद्यात मुरलेली आहे, राव.

म्हणून तुम्हाला माझा उलट प्रश्न, येत्या सहा महिन्यांत तुमच्याकडे काय आहे? फंडिंगचा राउंड चालू आहे का, कोणी कंपनी विकत घ्यायची बोलणी करतंय का, की त्या प्रतिस्पर्ध्याचा एखादा मोठा कस्टमर रिन्यूअलला आलाय आणि तो तुमच्याकडे वळायच्या बेतात आहे? यातलं एक जरी हो असेल तर 'आमच्यात त्यांना काय मिळणार' याचं उत्तर तुम्हाला मिळालं. इन्व्हेस्टरच्या ड्यू डिलिजन्समध्ये, म्हणजे पैसे घालण्याआधीच्या तपासणीत, 'पेटंटबद्दल काही पत्रव्यवहार आहे का' हा प्रश्न येतोच, आणि तिथे हो लिहावं लागलं की राउंड लांबतो किंवा भाव पडतो. तेवढ्यानेच त्यांचं काम होतं, कोर्टात जायची गरजही पडत नाही.

वेळ साधायचं सगळ्यात जवळून बघण्यासारखं उदाहरण मात्र ॲमेझॉनचं वन-क्लिक. पेटंट मिळालं २८ सप्टेंबर १९९९ ला, बार्न्स अँड नोबलवर केस २१ ऑक्टोबरला, मनाई हुकूम १ डिसेंबरला. ख्रिसमसची खरेदी ऐन रंगात असताना. त्या पेटंटचा पहिला क्लेम आम्ही नवीन पोरांना शिकवायला वापरतो. तुकडे पाडले की साधारण असे पडतात: क्लायंटवर वस्तूची माहिती दाखवायची, 'फक्त एकाच कृतीने' ऑर्डरची रिक्वेस्ट आणि खरेदीदाराची ओळख सर्व्हरला पाठवायची, सर्व्हरने आधी साठवलेली माहिती काढायची, ऑर्डर तयार करायची, आणि हे सगळं शॉपिंग कार्टशिवाय. क्लेम चार्ट म्हणजे दुसरं काही नसतं, डावीकडे हे तुकडे आणि उजवीकडे समोरच्याच्या प्रॉडक्टचा स्क्रीनशॉट. प्रत्येक तुकडा सापडायला हवा. एक जरी निसटला तर जसाच्या तसा भंग होत नाही, मग 'तसंच काहीतरी आहे' असा युक्तिवाद करत बसावं लागतं, ते अवघड जातं. बार्न्स अँड नोबलने काय केलं, तर एक्सप्रेस लेन नावाच्या त्यांच्या बटनापुढे अजून एक क्लिक घातली, कन्फर्म करा म्हणून. 'एकाच कृतीने' हा तुकडा गेला, भंग संपला. पण मजा अशी की विकण्यासारखी गोष्ट ती एक वाचलेली क्लिकच होती.

पुढचं जास्त महत्त्वाचं. अपील कोर्टाने फेब्रुवारी २००१ मध्ये तो मनाई हुकूम उठवला, पेटंट टिकेल का यावर गंभीर शंका आहे म्हणून. पुराव्यात कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवा देणाऱ्या कंपनीची एक जुनी सेवा होती, ट्रेंड नावाची, शेअरचा चार्ट हवा असेल तर त्या बटनावर क्लिक करायचं, ५० सेंट तुमच्या खात्याला लागले, चार्ट समोर. नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. म्हणजे कोर्ट बार्न्स अँड नोबलच्या बाजूने बोललं, पण बोललं तोपर्यंत १९९९ आणि २००० असे दोन ख्रिसमस निघून गेले होते. ते कोणी परत देत नाही. २००२ मध्ये दोघांनी मिटवलं, ॲपलने तर २००० मध्येच लायसन्स घेऊन टाकलं होतं, आणि पेटंट २०१७ ला मुदत संपेपर्यंत जगलं.

दुसरा एक प्रकार असतो तो टोलनाक्याचा, तिथे घाई नसते, गाडी तिथूनच जाणार हे माहीत असतं. मायक्रोसॉफ्टची फॅट फाइल सिस्टिमची, म्हणजे डिस्कवर फाइल साठवायच्या पद्धतीची, पेटंट घ्या. जुन्या डॉसमध्ये फाइलचं नाव आठ अक्षरं आणि तीनाचं एक्स्टेन्शन, नंतर लांब नावं आली, आणि जुने प्रोग्राम चालावेत म्हणून प्रत्येक फाइलची दोन नावं ठेवायची, एक लांब आणि एक ते तिरक्या वेलांटीचं चिन्ह आणि १ लावलेलं आखूड. त्या दोन नावांच्या जोडीवर पेटंट. फेब्रुवारी २००९ मध्ये नकाशावाल्या टॉमटॉमवर केस झाली, टॉमटॉमचं यंत्र लिनक्सवर चालायचं आणि विंडोजला जोडायचं तर फॅट हवंच. टॉमटॉमने मार्चमध्ये उलट केस टाकली आणि महिना संपायच्या आत पैसे देऊन मिटवलं. त्याच वर्षी लिनक्सवाल्यांनी पॅच आणला, दोन्ही नावं एकत्र बनवायचीच नाहीत, एकच बनवायचं. तुकडा काढायचा, परत तेच. पुढे अँड्रॉइड आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने फोन कंपन्या एकेक करून गाठल्या, एचटीसी २०१०, सॅमसंग २०११, आणि नंतर मायक्रोसॉफ्ट आणि सॅमसंगचंच भांडण झालं तेव्हा कोर्टाच्या कागदांतून बाहेर आलं की सॅमसंगने एका वर्षात १ अब्ज डॉलरच्या वर भरले होते. स्वतःचा विंडोज फोन कोणी घेत नव्हतं, पण समोरच्याच्या प्रत्येक फोनमागे गल्ल्यात पैसे पडत होते. मग २०१८ मध्ये हीच कंपनी ६०,००० पेटंट घेऊन लिनक्सवाल्यांच्या ओपन इन्व्हेन्शन नेटवर्कमध्ये, म्हणजे लिनक्सवरून एकमेकांवर पेटंट न चालवणाऱ्या गटात, सामील झाली. क्लाउडमध्ये लिनक्सवरच धंदा असला की मन मोठं होतं.

ॲपल-सॅमसंगबद्दल सगळ्यांना माहितीये, २०१२ चा १.०५ अब्ज डॉलरचा निकाल, २०१८ ला समेट, मी त्यातल्या फक्त दोन गोष्टी सांगतो. एक, यादी संपली की स्क्रीन रबरासारखी ताणून परत येते त्याचं पेटंट होतं, सॅमसंगने ते काढून कडेला निळी चमक टाकली. दोन, जास्त महत्त्वाची, सॅमसंगच्याच आतला २०१० चा १३२ पानी रिपोर्ट कोर्टात आला, त्यात पानोपान आयफोन आणि गॅलक्सी शेजारी-शेजारी ठेवून आपलं कुठे कमी पडतं ते लिहिलेलं. इंजिनिअर मंडळींनी प्रामाणिकपणे काम केलं होतं, ज्युरीने ते वेगळ्या नजरेने वाचलं.

तुमच्या पत्राकडे येऊ. भाषा गोड आहे म्हणून फसू नका आणि घाबरूही नका, ती मुद्दाम तशी असते. 'तुम्ही आमच्या पेटंटचा भंग करताय' असं सरळ लिहिलं तर तुम्हालाच हक्क मिळतो की आपल्या सोयीच्या कोर्टात आधी जाऊन 'भंग होत नाही असं जाहीर करा' म्हणावं. ते त्यांना नको असतं. पण नंबर मात्र न विसरता लिहितात, कारण पुढे 'यांना माहीत होतं तरी केलं' हे दाखवता आलं तर भरपाई तिपटीपर्यंत वाढू शकते. म्हणून टोपली नको. आणि तुमची अमेरिकेत नोंदलेली कंपनी नसेल तर अजून एक, २०१७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने वाटेल तिथे केस टाकायला लगाम घातला खरा, पण परदेशी कंपनीला तो लागू नाही, तुम्हाला कुठेही ओढता येतं. टेक्सासमध्ये मार्शल नावाचं छोटं गाव आहे, पेटंटच्या केसेस तिथे इतक्या चालायच्या की सॅमसंगने कोर्टासमोर बर्फावर घसरायच्या मैदानाला पैसे दिले होते. गावातलीच माणसं ज्युरीत बसतात म्हटल्यावर.

तुमच्या हातात दोन दारं आहेत. एक, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा जून २०१४ चा ॲलिस निकाल, नऊच्या नऊ न्यायाधीश एकमताने, जुनीच कल्पना 'कॉम्प्युटरवर करा' म्हणून लिहिली तर पेटंट नाही. तुमच्या तिन्हीपैकी एखादं २०१४ च्या आधी मिळालेलं आणि बिझनेस मेथडसारखं वाचायला लागत असेल तर वकिलाला हे पहिलं विचारा, कारण हा मुद्दा केसच्या सुरुवातीलाच मांडता येतो, खर्च त्यामानाने कमी. दुसरं, पेटंट ऑफिसकडेच पेटंट रद्द करायला मागणं, दाव्याचे कागद हातात पडल्यापासून एक वर्षाच्या आत. फी जबर आहे, हल्ली सुरुवातीलाच नकारही बऱ्याचदा मिळतो, आणि तिथे फक्त जुनी पेटंट आणि छापील किंवा प्रसिद्ध झालेला मजकूर चालतो.

आणि 'प्रसिद्ध झालेला' म्हणजे काय यावर माझे केस पांढरे झालेत. एका केसमध्ये पेटंटची तारीख होती एप्रिल १९९९ ची. आम्हाला एका परदेशी विद्यापीठाचा टेक्निकल रिपोर्ट सापडला, कव्हरवर मार्च १९९९, आत अगदी तीच पद्धत, आकृतीसकट. ऑफिसात पेढे यायचे बाकी होते. पण कव्हरवरची तारीख पुरत नाही, लोकांना तो वाचायला मिळू शकत होता हे दाखवावं लागतं. तिथल्या लायब्ररीला मेल, मग फोन, मग तिसऱ्या आठवड्यात ग्रंथपाल बाईंनी आतल्या पानाचा फोटो पाठवला, जांभळा शिक्का, ६ मे १९९९. महिन्याभराने हुकलं. क्लायंटने शेवटी पैसे देऊन मिटवलं. तेव्हापासून मी आधी शिक्का मागतो, मग आनंद.

तुमच्या बाबतीत पुरावा कदाचित तुमच्याच घरात असेल. पेटंटच्या पहिल्या पानावर दोन तारखा असतात, मिळाल्याची आणि अर्जाची, पण खरी कामाची ती सगळ्यात जुनी प्रायॉरिटी तारीख, म्हणजे तो शोध पहिल्यांदा अर्जात मांडल्याची, कधीकधी ती दहा वर्षं मागे जाते. त्या तारखेच्या आधीचे तुमचे रिलीज नोट्स सार्वजनिक वेबसाइटवर होते का, वेबॅक मशीनने (वेबसाइटच्या जुन्या प्रती साठवणारी साइट) त्या पानाची प्रत ठेवलीये का, कुठल्या प्रदर्शनात डेमो दिला होता का, त्याचं पत्रक कोणाकडे आहे का. गिट लॉग, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद, उत्तम, पण तो तुमच्या कपाटातला, बाहेरच्याने पाहिलेला नाही, त्यामुळे वरच्या दाराला उपयोगी नाही.

आज संध्याकाळपर्यंत करायचं एवढंच. पत्र ज्या दिवशी पोचलं ती तारीख आणि कोणाच्या हातात पोचलं ते लिहून ठेवा, पाकिटासकट. डेव्हलपर्सच्या ग्रुपवर कोणी 'अरे हे तर आपण त्यांचंच बघून केलं होतं' असा जोक टाकू नये, आणि आधीच टाकला असेल तर तो डिलीटही करू नये, डिलीट केलेलं कोर्टात जास्त वाईट दिसतं. तोंडी बोला, वकिलासमोर बोला. उत्तर तुम्ही स्वतः पाठवू नका, अगदी 'पत्र मिळालं, बघतो' एवढंही अमेरिकेतल्या पेटंट वकिलाकडून जाऊ दे, तासाचा दर ऐकून पोटात गोळा येईल पण पहिले दोन-तीन तासच लागतात. आणि त्या वकिलाकडे जाताना तिन्ही नंबर, तिन्ही प्रायॉरिटी तारखा, तुमच्या पहिल्या रिलीजची तारीख आणि फंडिंगचं कॅलेंडर असं सगळं एकाच कागदावर न्या.